जाळीला न येणारे मासे

डॉमिनो डॅमसेल हा मासा दुकानात दिसला की कुणालाही आवडेल. नखाएवढं काळंभोर पिल्लू, कपाळावर एक आणि पाठीच्या दोन्ही अंगांना एकेक पांढराशुभ्र ठिपका. समुद्रात, आपल्या लक्षद्वीपच्या आसपासही, ही पिल्लं ॲनिमोन या समुद्रफुलाच्या बोटांमध्ये नाहीतर फांद्यांच्या प्रवाळात घोळक्याने राहतात. घरातल्या टाकीत घोळका नसतो आणि पळायला मोकळा समुद्रही नसतो. मासा वाढत जातो, पूर्ण वाढ साधारण १४ सेंटिमीटर. ठिपके फिके पडतात आणि टाकीतला एक कोपरा तो आपला मानू लागतो. मग दोन कोपरे. मग सगळी टाकी.

आमची खाऱ्या पाण्याची टाकी सांगलीत विश्रामबागला घरी आली ती भरलेल्या संसारासारखी. पुण्याला निघालेल्या एका कुटुंबाकडून काच, दगड, पंप, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर आणि आतले मासे असं सगळं एकत्र घेतलं. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, म्हणजे हिशेबाने साडेचारशे लिटर. दगड आणि वाळू वजा केली की त्याहून कमी. हा डॉमिनो आणि एक सिक्सलाइन रॅस हे त्या टाकीचे जुने रहिवासी. पुढे मी क्लाउनफिशची जोडी आणली, हॅचरीत जन्मलेली. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र बसवलं गेलं, तेव्हापासून समुद्रातून न पकडलेले क्लाउन आपल्या देशातच तयार होऊ शकतात, आणि मी तेच घेते.

ती जोडी काही आठवड्यांत पंपाच्या मागे जाऊन बसली. मादीच्या शेपटीला कापल्यासारखी खाच पडलेली. खायला टाकलं की ती दोघं पुढे येत, डॉमिनो एक झेप घेई आणि ती परत पंपामागे. खाणं कमी, सतत धास्ती, फाटलेले पर. असा मासा रोगाला लवकर बळी पडतो. त्यामुळे डॉमिनो बाहेर काढायचा हे ठरलं.

हातजाळी घेऊन मागे लागणं हे सगळ्यात आधी सुचतं. खाऱ्या टाकीत ते सगळ्यात निरुपयोगी. गोड्या पाण्याच्या साध्या टाकीत मासा कोपऱ्यात सापडतो. इथे मधोमध दगडांचा डोंगर असतो, त्याला भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोक त्या माशाला पाठ असतं. त्यात माशाच्या दोन्ही कुशींना पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीक हालचाल तिला जाणवते. जाळी पाण्यातून सरकताना पुढचं पाणी ढकलते, म्हणजे जाळी पोचण्याआधी तिची वर्दी पोचते. माशाच्या मेंदूत माउथनर नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. धक्का जाणवला की काही मिलिसेकंदांत अंग इंग्रजी सी अक्षरासारखं वळतं आणि मासा निसटलेला असतो. आपला हात त्या वेगाशी बरोबरी करूच शकत नाही. वरून पाहिलं तर पाण्यामुळे मासा असतो तिथे दिसतही नाही. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मासा शिकतो. एकदा जाळी मागे लागली की पुढच्या वेळी ती पाण्याबाहेर, नुसती हातात दिसली तरी तो दगडात शिरतो. प्रत्येक पाठलागाने तो जास्त हुशार होतो आणि आपण जास्त दमतो. शिवाय वाळू ढवळली जाते, दगड सरकतात आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते मासेही घाबरून अंगावरची चिकट साय गमावून बसतात. ही साय हे त्यांचं रोगापासूनचं पहिलं संरक्षण असतं.

म्हणून मी ठरवलं की मागे लागायचं नाही. तो स्वतःहून येईल अशी जागा करायची.

पिंजरा विकत मिळतो, पण मला माझ्या टाकीच्या मापाचा हवा होता. दुकानांचे फलक आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याच्याकडे चार मिलिमीटरच्या पारदर्शक ॲक्रिलिकचे तुकडे पडलेले असतात आणि कापायचं यंत्रही असतं. एक फूट लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच अशी पेटी. ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मने चिकटवतात. सांधा पाण्यासारखा स्वच्छ येतो. बाजूंना आणि मागच्या भिंतीला भोकं पाडून घेतली, आत पाणी खेळावं म्हणून आणि खाण्याचा वास बाहेर पसरावा म्हणून. पुढचं दार दोन खाचांमधून वरखाली सरकणारं. त्याच्या वरच्या कडेला भोक, भोकात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. तंगूस ओढून ठेवला की दार वर, सोडला की खाली.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते. ॲक्रिलिक पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं, आणि समुद्राचं पाणी साध्या पाण्याहून जड. त्यामुळे नुसतं ॲक्रिलिकचं दार पाण्यात पडत नाही, डुलत डुलत उतरतं. तेवढ्या वेळात डॉमिनो दोनदा बाहेर जाऊन येईल. दाराला वजन हवं, पण लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं आणि पितळ, तांबं तर अजिबात चालत नाही. तांबं विरघळलं की कोळंबी, शंख, ॲनिमोन असे बिनकण्याचे जीव मरतात. काच मात्र निर्धोक. मी दाराच्या खालच्या कडेला जाड काचेची पट्टी सिलिकॉनने चिकटवली. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं, टाकी जोडायला वापरतात तेच. सगळी पेटी बरेच दिवस वास जाईपर्यंत पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवली. मगच ती टाकीत गेली.

पेटी ठेवायची जागा निवडणं हे खरं कौशल्याचं काम आहे. डॉमिनोच्या हद्दीच्या अगदी मधे ठेवली तर तो तिच्यावर चिडतो, लांब ठेवली तर फिरकत नाही. त्याच्या गस्तीच्या वाटेवर, वाळूवर सपाट, दार त्याच्या दगडाकडे आणि बंद टोक काचेकडे, अशी ठेवली. दार वर बांधून टाकलं. आणि तंगूस कित्येक दिवस सोडायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

तेव्हापासून टाकीत खाणं पडणार ते फक्त पेटीच्या आत. मासळी बाजारात रत्नागिरीकडून येणारी करंदी बारीक चिरून, गोड्या पाण्यात धुऊन, लांब पिचकारीने पेटीच्या मागच्या टोकाला सोडायची. क्लाउनच्या जोडीला मात्र पंपामागे वेगळा घास द्यावाच लागे. त्यांना उपाशी ठेवून डॉमिनो पकडण्यात काय अर्थ?

पेटीत पहिली शिरली ती क्लीनर कोळंबी. लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली ही कोळंबी माशांच्या अंगावरचे किडे टिपते आणि तिला कशाचीच भीती नसते. ती आत बसे, दोन्ही हातांनी घास ओढे आणि संपवून टाके. मागून हर्मिट खेकडे. डॉमिनो दारापर्यंत येई, डोकं आत घाली, आणि झटक्याने मागे. मग मी कोळंबीला दुसऱ्या टोकाला आधी तिचा वाटा देऊ लागले. ती तिकडे गुंतली की पेटीत खाणं सोडायचं.

यात माझ्या सासूबाईंची मदत नसती तर हे जमलं नसतं. त्यांची दुपारची जागा टाकीशेजारच्या खुर्चीवर. मांडीवर कापूस, हातात वाती, आणि नजर टाकीकडे. मी ऑफिसातून आले की त्या दिवसभराचं सांगत. एकदा म्हणाल्या, "अगं, तू समोर बसलीस की तो आत जात नाही. तू गेलीस की जातो. मला नाही भीत तो." त्यांचं निरीक्षण अगदी खरं होतं. माझा हात पाण्यात जातो, माझ्यामुळे दगड हलतात, हे त्या माशाने ओळखलेलं. आईंचा हात कधी पाण्यात गेलेला नाही.

मग ठरलं की तंगूस आईंच्या हातात द्यायचा. टाकीच्या कडेवरून, खुर्चीच्या हातापर्यंत, असा तो आणून बांधला. मी पिचकारीने खाणं सोडायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. काही दिवस त्यांनी नुसतं पाहायचं, गाठ सोडायची नाही. डॉमिनो आत जाऊन खाऊन परत येतो, घाईने नव्हे तर सावकाश येतो, इथपर्यंत थांबायचं. हा टप्पा सगळ्यांना नको वाटतो. मासा पहिल्यांदा आत गेला की लगेच दार टाकावंसं वाटतं. पण त्या वेळी त्याची शेपटी दारात असते आणि अंग बाहेर वळायच्या तयारीत. दार पडलं आणि तो निसटला, तर त्या पेटीत तो पुन्हा कधी पाऊल टाकणार नाही, आणि नवीन युक्ती शोधावी लागेल.

एका रविवारी सकाळी, दिवे लागल्या लागल्या, म्हणजे रात्रीच्या उपाशी पोटी, मी करंदी सोडली आणि आत गेले. थोड्या वेळाने हाक आली, "सोडू का गं? तोंड पार मागच्या भिंतीला आहे त्याचं."

"शेपूट कुठं आहे, आई?"

"आत आहे. सगळा आत आहे."

"सोडा."

काचेची पट्टी तळावर टेकल्याचा बारीक आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. डॉमिनो आत होता, पेटीच्या भिंतीला नाक लावून वरखाली होत होता. त्याच्याबरोबर एक हर्मिट खेकडाही. पेटी पाण्याखालीच एका प्लॅस्टिकच्या डब्यात सरकवली आणि डबा पाण्यासकट बाहेर काढला. मासा क्षणभरही हवेत आला नाही. वर कापड टाकलं. अंधारात मासे शांत राहतात, आणि उघड्या डब्यातून उडी मारायची त्यांची तयारी असतेच.

शेजारच्या एका काकांनी प्रेमाने सुचवलं होतं की कृष्णेत सोडून द्या, मोकळा जगेल. तो जगला नसता. खाऱ्या पाण्यातला मासा सतत समुद्र पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकत राहतो, तसंच त्याचं शरीर घडलेलं. गोड्या पाण्यात पाणीच त्याच्या अंगात घुसत जातं आणि तो फार काळ तग धरत नाही. पण जगणारा मासा असता तरी मी सोडला नसता. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली भारतात आणला, आणि आज आयर्विन पुलाखाली गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, गळाला काय लागतं. घरातला कुठलाही मासा नदीत किंवा तळ्यात सोडायचा नसतो, मग तो कितीही लहान असो. डॉमिनो कोल्हापूरच्या एका ओळखीच्यांच्या टाकीत गेला. तिथे ट्रिगरफिश आहेत, दांडगे. त्यांच्यात हा शोभतो. जाण्याआधी दोन्हीकडच्या पाण्याची खारटी रिफ्रॅक्टोमीटरने मोजून जुळवून घेतली.

क्लाउनची जोडी पंपामागून त्याच संध्याकाळी बाहेर आली नाही. हळूहळू आली. मादीची शेपटी भरून आली.

सिक्सलाइन रॅसचं प्रकरण वेगळं. जांभळट-केशरी अंगावर सहा निळसर आडव्या रेघा, बोटभर लांब, दिवसभर दगडांच्या फटींत डोकावत बारीक किडे टिपणारा. उपयोगी मासा आहे हा, आणि डॉमिनो गेल्यावर काही महिने त्याने कुणाला त्रास दिला नाही. पण मी फायरफिश आणला आणि याने त्याला एका कोपऱ्यात रेटला. फायरफिश घाबरला की सरळ वर उडी मारतो. टाकीवर बारीक जाळीचं झाकण होतं म्हणून तो वाचला.

रॅस पेटीला फसेना. तो आत जाई, एक तुकडा घेई, आणि तंगूस हलायच्या आत बाहेर. बाटलीचा सापळाही लावून पाहिला: लिटरच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवायचं, म्हणजे मासा नरसाळ्यातून आत जातो आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. हा सापळा खूपजणांना यश देतो. पण बंद बाटलीत पाणी खेळत नाही, म्हणून भोकं पाडावी लागतात आणि समोर बसून राहावं लागतं. रात्रभर ठेवला तर आतल्या घासाला केसाळ अळ्या लागतात. आमचा रॅस बाटलीभोवती फिरला आणि गेला.

गळ टाका असंही मला सांगितलं गेलं. अगदी बारीक, काटा घासून गुळगुळीत केलेला गळ, त्याला करंदीचा कण. मोठ्या तोंडाच्या माशाला तो चालतो, आणि अनुभवी हातात जखमही किरकोळ राहते. बोटभर माशाच्या तोंडात गळ घालायला माझं मन धजत नाही. टाकी रिकामी करणं हा शेवटचा उपाय, तेही तितकं पाणी साठवायला पिंपं असतील तर. जुन्या वाळूचा थर जाड असेल तर तो ढवळल्यावर खाली साठलेला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वर येतो, आणि तो माशांना विष आहे.

राहिली रात्र. रॅस जातीचे मासे दिवे गेले की ठरलेल्या फटीत शिरतात. आमचा हा मासा अंगाभोवती साईचा पारदर्शक कोश करून झोपतो, आणि रोज त्याच फटीत. काही रात्री मी नुसतं पाहण्यात घालवल्या. विजेरीला लाल सेलोफेन गुंडाळलेला. लाल उजेडाने मासे फारसे बिचकत नाहीत. डाव्या बाजूच्या, वरच्या दगडात, खालून दुसऱ्या भोकात तो झोपतो हे पक्कं झालं. आणि तो दगड सुटा होता. आमच्या टाकीतले दगड सिरॅमिकचे, एकावर एक रचलेले. कठीण सांगाड्याचे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्या दगडांवर काही वाढवलेलं नव्हतं, आणि तो उचलला तर कशालाही धक्का लागणार नव्हता.

दिवे जाऊन दोनेक तास झाल्यावर नवऱ्याने आणि मी काम सुरू केलं. आधी मेन बटण बंद. खाऱ्या पाण्यात हात घालताना वीज बंद हवीच, आणि दगड बाहेर आला की पाण्याची पातळी उतरते, हीटर उघडा पडून तडकू शकतो. दोघांनी लांब हातमोजे घातले. हातावर बारीकशी कापलेली जागा असली तरी टाकीच्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम मरायनमची लागण होऊ शकते, आणि ती बरी व्हायला महिने लागतात. स्टुलावर बादली, बादलीत टाकीचंच पाणी.

नवऱ्याने दगड दोन्ही हातांनी धरून सरळ वर घेतला. अगदी सावकाश, भोकांतून पाणी धारेने गळत असताना. इथे घाई केली तर मासा भोकातून सुटतो. सावकाश उचललं तर तो बिचकून बाहेर येण्याऐवजी आणखी आत दबून बसतो. दगड बादलीवर धरला. मी मगने टाकीचं पाणी त्या भोकाच्या वरच्या तोंडातून ओतत राहिले. थोडं पाणी, थोडं थांबणं, पुन्हा पाणी. फाटलेल्या कोशाची साय खाली आली आणि मागोमाग रॅस बादलीत घसरला. दगड परत जागेवर, झाकण बादलीवर, बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड. टाकीतला दुसरा एकही मासा जागा झाला नाही.

मिरजेच्या एका दवाखान्यातला कोरान एंजल या दोघांहून मोठा होता. रुग्णांच्या बाकासमोरच्या टाकीत तो लहानाचा मोठा झाला, निळ्या-पांढऱ्या अर्धवर्तुळांचे पट्टे जाऊन हिरवट अंग आणि निळे ठिपके आले. समुद्रात हा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. चार फुटी टाकीत त्याला वळायला जागा उरली नव्हती. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. एंजलच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला काटा असतो. तो जाळीच्या दोऱ्यात अडकला की मासा तडफडतो आणि काटा जास्त गुंततो. अशा वेळी ओढायचं नाही, माशाला पाण्यात ठेवून जाळी कात्रीने कापायची. आम्ही जाळी वापरलीच नाही. टाकीच्या रुंदीचा ॲक्रिलिकचा पत्रा उभा धरून तो इंच-इंच सरकवत नेला. पत्रा पारदर्शक, पण मासा त्याला भिंत म्हणून मानतो आणि मागे मागे सरकतो. शेवटच्या कोपऱ्यात पाण्याखाली आडवा धरलेला मोठा पारदर्शक डबा होता. डॉक्टरसाहेब पत्रा धरून, मी डबा धरून, आणि बाहेर बाकावरची पेशंट मंडळी श्वास रोखून. तो डब्यात मागच्या मागे, शेपटीकडून शिरला. पुण्याच्या एका मोठ्या टाकीत त्याची सोय झाली.

ॲक्रिलिकची पेटी आता सांगली-मिरजेत फिरत असते. कुणाला हवी असेल तर मी देते, सोबत काचेच्या पट्टीचं आणि थांबण्याचं सांगून. परत आली की लगेच टाकीत घालत नाही. मरीन व्हाइट स्पॉट हा रोग करणारा क्रिप्टोकॅरियॉन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ओल्या वस्तूंबरोबर सहज येतो, पण पूर्ण सुकल्यावर तो टिकत नाही. त्यामुळे पेटी गोड्या पाण्याने धुते, खाचा जुन्या टूथब्रशने घासते, दार काढून वेगळं ठेवते, आणि गच्चीवर खडखडीत वाळू देते. तंगूस दर वेळी नवा.